मतपत्रिकेच्या माथ्यावर श्री

मी एक मतपत्रिका. बोलते आहे ती बंद लिफाफ्यातून. मी निळ्या लिफाफ्यात आहे, निळा लिफाफा तांबड्या लिफाफ्यात आहे, आणि तो तांबडा लिफाफा ड्रेस्डेन या जर्मन शहराच्या निवडणूक कचेरीतल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. खोक्यावर जाड अक्षरांत लिहिले आहे : 'न उघडता नष्ट करणे'. माझे बोलणे तुमच्यापर्यंत पोचले, तर ते नियमाला सोडून असेल.

माझ्या माथ्यावर, छापील मजकुराच्याही वर, काळ्या शाईने 'श्री' लिहिलेले आहे. मला त्या एका अक्षराविषयी सांगायचे आहे.

माझा जन्म दोन हजार पाच सालच्या ऑगस्टमधला. त्या वर्षी या देशाच्या निवडणुकीला अजून वर्षभराचा अवकाश होता. परंतु सरकारनेच संसदेपुढे विश्वासाचा ठराव मांडला, तो हरावा आणि निवडणूक आधीच घेता यावी म्हणून मांडला, आणि ठरल्याप्रमाणे तो हरला. 'विश्वास' या शब्दाचा असा उपयोग होऊ शकतो हे मला छापखान्यातच कळले. मला दोन स्तंभ मिळाले. डावा काळ्या शाईचा, उजवा निळ्या शाईचा. डाव्यात मतदारसंघातल्या उमेदवारांची नावे, उजव्यात पक्षांची. वर एक ओळ : 'आपणांस दोन मते आहेत'.

टपालाने मत देऊ इच्छिणाऱ्यांसाठी जो गठ्ठा वेगळा काढला, त्यात मी होते. अशा रीतीने मी स्ट्रीझन नावाच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, शशिकांत खांबेटे यांच्या घरी आले.

शशिकांतराव अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि यकृताच्या कर्करोगाने त्यांचे वजन लहान मुलाएवढे झाले होते. पूर्वी ते सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवीत. निवडणूक आली की सरकार त्यांना केंद्राध्यक्ष नेमून कुठल्या तरी दूरच्या गावी पाठवी. पाच निवडणुका त्यांनी अशा पार पाडल्या, हजारो बोटांना शाई लागलेली पाहिली, आणि स्वतः एकदाही मत दिले नाही. कारण त्यांचे नाव सोलापुरात असे आणि ते स्वतः अक्कलकोटच्या पलीकडे. कामावरच्या माणसांना टपालाने मत देता येते, हे त्यांना प्रत्येक वेळी अर्जाची मुदत उलटल्यावर समजे. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी ते अर्धवाहकांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी ड्रेस्डेनला आले. इथे दहा वर्षे कर भरला, परंतु मत नव्हते. शेवटी त्याच वर्षीच्या वसंतात, जुना पासपोर्ट परत करून, त्यांनी या देशाचे नागरिकत्व घेतले. आजाराचे निदान त्यानंतर तीन आठवड्यांनी झाले.

एवढे सांगितले म्हणजे मी त्या घरात कोण होते ते ध्यानात येईल. त्या माणसाच्या आयुष्यातले ते पहिले मत होते, आणि दुसरे असण्याचा संभव नव्हता.

मला त्यांनी चार दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवले होते. सोबतचे सूचनापत्र ते रोज वाचीत. त्यांच्या पत्नी विभावरीबाई शेजारी बसून शेंगा निवडीत. बाईंचा पासपोर्ट जुनाच होता. म्हणून त्यांना मत नव्हते, मतभेद मात्र पुष्कळ होते.

"अहो, हे दुसरं मत म्हणजे काय? पहिला नाही निवडून आला तर त्याच्याऐवजी का?"

"नाही ग. सगळ्यांचा तोच घोटाळा होतो. दुसरं मत पक्षाला. संसदेत कुणाचं बळ किती, ते त्यावर ठरतं. खरं थोरलं मत दुसरंच."

"मग त्याला पहिलं का नाही म्हणत?"

"ते जर्मनांना विचार."

"जर्मनांना काय विचारायचं, तुम्हीच आता जर्मन."

चौथ्या दिवशी सकाळी ते उशीला टेकून टेबलाशी बसले आणि म्हणाले, "आज करतो. तू जरा आत जा."

"आधी दोन घास पेज घ्या. मत काही पळून जात नाही."

"मत नाही ग पळत. पळतोय तो मी."

"चौतीस वर्षांत तुमचं माझ्यापासून काय लपलंय, म्हणून मी आत जायचं?"

"हे लपायला पाहिजे. कायदा आहे तसा."

बाई आत गेल्या. शशिकांतरावांनी मला सरळ केले, घड्या तळहाताने दाबल्या आणि पेनाचे टोपण काढले. मग जे घडले ते इतक्या सहज घडले, की त्यांच्याही लक्षात आले नसावे. त्यांचा हात माझ्या माथ्याकडे गेला आणि त्याने 'श्री' काढले.

त्यांनी सूचनापत्र चार वेळा वाचले होते. दोन खुणांखेरीज पत्रिकेवर काहीही लिहू नये, तसे लिहिल्यास मत बाद ठरते, हे त्यात स्पष्ट छापले होते. हा गृहस्थ नियम मोडणारा नव्हता. परंतु नव्या वहीच्या पहिल्या पानावर, पत्राच्या वर, नोकरीच्या अर्जावर, कराच्या कच्च्या टिपणावरसुद्धा पन्नास वर्षे तो श्री काढीत आला होता. त्याच्या लेखी श्री म्हणजे लिहिणे नव्हते. लिहिण्यापूर्वी हात धुवावेत, तसे ते होते. हात धुण्याला कोणी मजकूर म्हणत नाही.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि दोन फुल्या केल्या. फुल्या नेमक्या वर्तुळात होत्या. त्या कोणासमोर होत्या हे मी सांगणार नाही.

बाद मत म्हणजे काय, ते त्या क्षणापासून मला कळले. मी पूर्ण होते, स्वच्छ होते, माणसाने सर्वस्व ओतून लिहिलेली होते. आणि तरीही निरुपयोगी होते. शशिकांतराव मला घडी घालून निळ्या लिफाफ्यात सरकवीत होते, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. कागदाला ओरडता येत नाही. निळा लिफाफा बंद झाला. स्वतःच खूण केल्याच्या प्रतिज्ञेखाली त्यांनी सही केली, ते पत्र आणि मी तांबड्या लिफाफ्यात गेलो, आणि त्यांची वीस वर्षांची मुलगी ईप्सिता, जिने अठराव्या वर्षीच इथले नागरिकत्व घेतले होते, मला टपालपेटीत टाकून आली.

कचेरीत पोचून मला चार-पाच दिवसच झाले होते, तेव्हा आमच्या मतदारसंघातला एक उमेदवार मरण पावला. लहानशा पक्षाचा उमेदवार होता. परक्यांनी आपल्या देशी परत जावे, असे त्या पक्षाच्या फलकांवर लिहिलेले असे. कोणाला मत दिले ते सांगायचे नाही असे मी म्हणाले. परंतु त्या नावासमोर शशिकांतरावांनी फुली केली नव्हती, एवढे सांगितल्याने गुप्ततेचा भंग होऊ नये.

कायदा असा आहे, की मतदानापूर्वी मतदारसंघातला उमेदवार वारला तर तिथले मतदान पुढे ढकलावे. संपूर्ण देश अठरा सप्टेंबरला मत देणार आणि आमचा मतदारसंघ दोन ऑक्टोबरला. नव्या पत्रिका छापल्या जाणार आणि आधी आलेले सगळे तांबडे लिफाफे रद्द. ज्याने त्यांना हाकलायचे ठरवले होते, त्याच्या मरणाने शशिकांतरावांचे मत मेले. आम्हांला खोक्यांत भरले, आणि खोकी खिडकीखालच्या भिंतीशी आतून रचली. त्यामुळे खिडकीवरचे सगळे बोलणे मला ऐकू येई. ज्या लिपीतले अक्षर माझ्या माथ्यावर आहे, ती भाषाही मला समजते. त्या कचेरीत ती दुसऱ्या कोणालाही समजत नव्हती.

दोनच दिवसांनी विभावरीबाई आणि ईप्सिता आल्या. खिडकीवर क्रेचमार नावाच्या बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या, प्रत्येक वाक्य पुरे करणाऱ्या.

"नवी कागदपत्रे आपोआप घरी येतील," क्रेचमारबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "पुन्हा अर्ज करावा लागणार नाही."

"कधी?" ईप्सिताने विचारले.

"छपाई झाली की. वीस तारखेनंतर."

विभावरीबाई मराठीत म्हणाल्या, "तिला सांग, वीस तारखेचं यांचं काही खरं नाही. डॉक्टर दिवसांत बोलतायत."

ईप्सिता म्हणाली, "माझे वडील आजारी आहेत."

"मी एवढंच बोलले का?"

"आई, आल्झो... म्हणजे, असं नाही ग बोलत इथे."

"मरतोय म्हणायला इथे दुसरा शब्द आहे का?"

क्रेचमारबाईंना शब्द कळले नाहीत, परंतु आवाज कळला असावा. त्यांनी जाडे पुस्तक पुढे ओढले आणि एक कलम वाचून दाखवले. टपालाने मत दिल्यावर मतदाराचा मृत्यू झाला, तरी त्याचे मत बाद होत नाही, ते मोजतात. एवढा दिलासा त्या देऊ शकत होत्या. मात्र ते मत नव्या पत्रिकेवरचे हवे.

ईप्सिताने हे आईला सांगितले. बाईंनी पुस्तकातल्या त्या कलमाकडे पाहिले.

"म्हणजे देणारा मेला तर चालतं. घेणाऱ्यांतला एक मेला तर नाही."

"गेनाऊ, बरोबर," ईप्सिता म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने ओठ चावला.

त्यानंतरचे दिवस मी खोक्यात काढले. मला एक लोभ सुटला, तो कबूल करते. मी बाद होते; परंतु आता मी नव्हतेच. माझ्याऐवजी दुसरी जाणार होती. शशिकांतराव तेवढे जगले, आणि या वेळी त्यांचा हात माथ्याकडे वळला नाही, तर त्या माणसाचे एक मत कुठेतरी मोजले जाणार होते. कोण्या परक्या उमेदवाराच्या मृत्यूने त्यांची चूक पुसली गेली होती, आणि ते त्यांना ठाऊकही नव्हते.

अठरा तारखेला देशाने मत दिले. निकाल लागला तो कोणालाच पुरेसा नव्हता. कचेरीतले लोक मग एक चमत्कारिक गणित करीत बसत. उरलेल्या देशाचे आकडे समोर होते, आणि त्यांवरून असे दिसत होते, की आमच्या मतदारसंघात एका मोठ्या पक्षाला दुसरी मते फार मिळाली तर त्याची एक जागा कमी होईल. म्हणून त्याच्याच चाहत्यांना सांगितले जात होते, की पक्षावर प्रेम असेल तर त्याला दुसरे मत देऊ नका. मत दिल्याने हानी होते, न दिल्याने लाभ. एक लिपिक हे सांगताना हसला. क्रेचमारबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तीस वर्षे मी लोकांना सांगते आहे, की प्रत्येक मताने फरक पडतो. कोणत्या दिशेने, ते मी कधी सांगितले नाही."

तीस सप्टेंबरला, शुक्रवारी, त्या दोघी पुन्हा आल्या. वरच्या मजल्यावर मृत्यूची नोंद करायला आल्या होत्या. शशिकांतराव बुधवारी गेले होते.

"विचार तिला," विभावरीबाई म्हणाल्या. "नवा लिफाफा पोचला का ते विचार."

ईप्सिताने आधी आईकडे पाहिले. मग तिने विचारले. क्रेचमारबाईंनी नोंदवही पाहिली.

"सोमवारीच पोचला आहे. मी तुम्हांला वाचून दाखवले होते. त्यांचे मत वैध राहते." नोंदवही मिटून त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटते."

विभावरीबाईंना हे भाषांतराशिवाय कळले. त्यांनी हात जोडले. मग खिडकीखालच्या बाकावर त्या बसल्या. माझ्यापासून ते बाक दोन हातांवर होते.

"जन्मभर लोकांची मतं घेतली," त्या म्हणाल्या. "स्वतःचं एक दिलं. गेल्यावर का होईना, मोजणार. संध्याकाळी पुण्याला दिनकरभावजींना फोन करते. भावाला बरं वाटेल. म्हणावं, तुमच्या दादाचं मत परवा मोजणार आहेत."

"आई, तसं नको सांगूस."

"का?"

"ते बाद होणार आहे."

 ईप्सिता बोलत राहिली, खाली बघत, मधूनमधून जर्मन शब्दांचा आधार घेत.

"त्यांना पेन धरवत नव्हतं. तू औषधं आणायला गेली होतीस. मी म्हटलं, बाबा, मी हिल्फ्सपेर्झोन म्हणून सही करते, म्हणजे मदतनीस. तुम्ही सांगाल तसं मी लिहीन. तर म्हणाले, आधी वर श्री काढ."

"मग?"

"मग काय. वर काही लिहिलं की उन्ग्युल्टिश. बाद. गेल्या वर्षी राज्याच्या निवडणुकीत मी मोजायला होते ना. एकाने कोपऱ्यात नुसतं हसरं तोंड काढलं होतं. मीच ते बादच्या ढिगात ठेवलं."

"सांगायचं होतंस त्यांना."

"सांगणारच होते. त्यांनी डोळे मिटले होते. श्री झालं की उघडणार होते. मला ते नाही सांगता आलं, आई. मी काढलं."

कचेरीत कोणाचा तरी दूरध्वनी वाजून थांबला.

"नीट आलं का?" विभावरीबाईंनी विचारले.

"नाही. वेलांटी आधी काढली, मग श कुठे बसवायचा ते कळेना. दाटीवाटी झाली."

"वेलांटी कुठली काढलीस? पहिली की दुसरी?"

"दुसरी."

"मग ठीक."

विभावरीबाईंनी खिडकीकडे पाहिले.

"बाद कोण ठरवतं? यंत्र?"

"नाही, माणसं. मंडळ असतं. शंका असेल ती पत्रिका बाजूला ठेवतात आणि हात वर करून ठरवतात."

"म्हणजे त्यांच्या मतावरही मत घेणार."

"हो. मग मागच्या बाजूला कारण लिहितात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात."

"सगळे बघतील ते?"

"बघतील. एकेक जण हातात घेऊन बघतो. कुणाला काही कळणार नाही, पण बघतील."

विभावरीबाईंनी पदर सारखा केला. "त्यांनी डोळे उघडले तेव्हा काय म्हणाले?"

"म्हणाले, छान. आणि मग कुणासमोर फुली करायची ते सांगितलं. ते मी तुला सांगू शकत नाही. मी तसं लिहून दिलंय."

"नको सांगूस. पहिल्यावरही काढलंच असेल त्यांनी."

"काढलंच असणार."

"मग पहिलंही गेलंच होतं."

"हो."

"त्यांना कळलं नाही ना हे?"

"नाही."

"मग भावजींना मी सांगायचं तेच सांगेन. मत दिलं. मोजलं का, असं कोण विचारतंय?" त्या उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी क्रेचमारबाईंना आपल्या मोडक्या जर्मनमध्ये धन्यवाद दिले, आणि दोघी जिन्याकडे गेल्या.

दोन ऑक्टोबर होऊन गेला. त्या रात्री कोणत्या खोलीत, कोणत्या टेबलावर, किती हात वर झाले ते मला ठाऊक नाही. मी ज्या खोक्यात आहे, तिथे निकाल येत नाहीत. माझी बहीण, ती नवी पत्रिका, आता वेगळ्या पाकिटात असेल, तिच्या पाठीवर क्रमांक आणि कारण असेल. कारणाच्या जागी काय लिहिले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. 'अनावश्यक मजकूर' लिहिले असेल. 'अनाकलनीय चिन्ह' लिहिले असेल. दोन्ही चूक आहे, परंतु शब्दाच्या अचूकतेचा आग्रह त्या वेळी तिथे कोण धरणार?

उद्या आमची खोकी यंत्राकडे जातील असे आज लिपिक म्हणत होता. आम्हांला उघडणार नाहीत. रद्द झालेल्या मताचीही गुप्तता इथे पाळतात, हे या देशाच्या कायद्यासंबंधी मला आदराने सांगितले पाहिजे. पाते लिफाफ्यांसकट आम्हांला कापील. शशिकांतरावांच्या हातचे अक्षर कोणीही न पाहता जाईल. त्याचे मला दुःख नाही. ज्याच्यासाठी ते काढले होते, त्याला ते वाचायला लिफाफा उघडावा लागत नसेल.

माझी विनंती एवढीच आहे, आणि ती त्या मुलीसाठी आहे. पुढे कधीतरी ती स्वतःला दोष देईल. मी जाणूनबुजून वडिलांचे मत बुडवले, असे म्हणेल. तेव्हा तिला कोणीतरी तिच्याच सहीखालचे वाक्य वाचून दाखवा. मदतनिसाने द्यायची ती प्रतिज्ञा मला ठाऊक आहे. माझ्याही सोबतच्या पत्रावर ती छापलेली होती, तेव्हा तिची जागा कोरी राहिली. ती अशी आहे : 'मतदाराने व्यक्त केलेल्या इच्छेनुसार मी ही पत्रिका भरली आहे.' या सगळ्या निवडणुकीत, जिथे विश्वास हरण्यासाठी मागितला गेला आणि थोरल्या मताला दुसरे म्हटले गेले, तिथे शब्दाला शब्द जुळेल असे खरे वाक्य मी एवढे एकच पाहिले.